पिल्लू आण

आमच्या दुकानात दोन पिल्लं होती. एक मी आणि एक दगड.

दगडाचा मान मोठा, म्हणून आधी त्याचं सांगते. आमचं दुकान केस कापायचं आणि दाढीचं. वस्तऱ्यांना धार लावायचा दगड आजोबांनी आणलेला, खाणीतून निघालेला, अस्सल. वीतभर लांब, राखाडी रंगात हिरवट झाक. आणतानाच त्यांनी त्याच्या एका कडेचा आगपेटीएवढा तुकडा कापून घेतला होता. मोठ्या दगडावर पाणी शिंपडायचं आणि हा तुकडा त्यावर गोल गोल घासायचा. दोघांची थोडी थोडी झीज होऊन पाण्यात पांढरट लगदा सुटतो आणि खरं काम तो लगदा करतो. आमच्या घरात त्याला दूध म्हणत. दूध म्हटल्यावर मग मोठा दगड आई झाला आणि तुकडा झाला पिल्लू.

मी जन्मले ती इतकी एवढीशी, की आजोबांनी मला तळहातावर घेतलं आणि म्हणाले, हेही पिल्लूच. झालं, नाव चिकटलं. त्यावरून दुकानात करमणूक व्हायची. मागच्या खोलीतून बाबा ओरडले, 'पिल्लू कुठं गेलं?' की काकू दगड शोधायला लागायची. 'पिल्लू कुठं गेली?' ओरडले की मला शोधायची. शेवटच्या एका अक्षरावरून सगळ्या घराला कळायचं, आज दोघांपैकी कोण हरवलंय. दाढीला बसलेली गिऱ्हाइकं फेसातून हसायची.

माझी खरी आई मी चालायला लागायच्या आधीच गेली. मला वाढवलं काकूनं आणि हाताला काम दिलं बाबांनी. दुपारी दुकान थंड पडलं की बाबा मागच्या खोलीत दगड मांडून बसायचे. पाण्याची वाटी माझ्याकडे. सुरुवातीला दूध दाट हवं. वस्तरा त्यात आडवा टेकवून, त्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागलेली ठेवून, ते पुढं-मागं ओढायचे. पोलादाची झीज मिसळून दूध काळपट व्हायला लागलं की मी बोटानं एक थेंब सोडायचा. दूध पातळ व्हायचं. आणखी थोडं ओढणं, आणखी एक थेंब. असं करत करत शेवटी दगडावर नुसतं स्वच्छ पाणी उरतं, आणि धार येते ती त्या पाण्यात.

थेंब कधी सोडायचा ते बाबा सांगायचे नाहीत. आवाजावरून ओळख म्हणायचे. मी घाई केली की धार कच्ची राहायची, उशीर केला की पातं खरखरायचं. पण ते कधी चिडले नाहीत. मनगटावरच्या केसावर वस्तरा धरून बघायचे आणि केस कापला न जाता नुसता लवला, तर 'पिल्लूचं लक्ष खिडकीत होतं' एवढंच म्हणून पुन्हा दूध काढायला बसायचे. माझं लक्ष कुठं आहे याची इतकी चौकशी पुढं आयुष्यात कुणी केली नाही.

मग एक दिवस काकांनी पुडीतली पाती आणली. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ; दुकान दोघांचं. पातं अर्धं मोडायचं, खोबणीत बसवायचं, दाढी झाली की फेकून द्यायचं. काकांचं तसं चुकत नव्हतं. डोळ्यांदेखत पुडी फोडली की गिऱ्हाईक निर्धास्त होऊन मान मागं टाकायचं. पण बाबांनी डोक्यात राख घालून घेतली. काका म्हणाले, दगड घासत बसायचे दिवस गेले. बाबा म्हणाले, माणसाच्या गळ्यावर टेकवायची वस्तू फेकून देण्यासारखी नसावी. शब्दानं शब्द वाढला आणि मग शब्दच बंद झाले. एका दुकानात दोन खुर्च्या, दोन खुर्च्यांमागे दोन भाऊ, आणि मधे निरोप्या म्हणून मी. काकांना सांग, कात्री दे. बाबांना सांग, तुझ्या नाकासमोरच आहे. तेव्हा मला हसू यायचं. हे दोघं असेच भांडत भांडत म्हातारे होतील असं मी धरून चालले होते.

तसं झालं नाही. बाबांनी दुसऱ्या गावात जागा बघितली आणि निघाले. काकू तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिला उठवायचं, बसवायचं, भरवायचं, सगळं माझ्या हातानं. मला बरोबर येता येणार नाही हे बाबांना न सांगताही ठाऊक होतं. त्यांनी वस्तरे धोपटीत भरले, म्हणजे आमची हत्यारांची चामडी पिशवी. मोठा दगड टॉवेलमध्ये गुंडाळून वर ठेवला. दारात उभं राहून काकांकडे न बघता म्हणाले, "दादा, आई मी नेतो. पिल्लू राहू दे तुझ्याकडे."

दोन्ही पिल्लांचा निकाल एका वाक्यात. काकांनी ते दगडाबद्दल ऐकलं आणि त्यांना झोंबलं: अख्खा दगड घेऊन गेला आणि कपचा माझ्या तोंडावर मारून गेला. मी ते माझ्याबद्दल ऐकलं आणि मलाही झोंबलं. कुणी काय ऐकलं ते बघायला बाबा थांबले नाहीत.

त्यानंतर काकांनी मला पिल्लू म्हणणं सोडलं. पोरी म्हणायला लागले. काकू तर बोलायचीच कमी. घरात पिल्लू हा शब्द राहिला तो फक्त त्या तुकड्यापुरता, आणि तोसुद्धा पावडरच्या डब्यांमागे खणात पडून होता. मी दुकानाच्या मागच्या खोलीत बाजारातला एक साधा दगड घेऊन बसायला लागले. कात्र्या, मशीनची पाती, गल्लीतल्या बायकांच्या सुऱ्या, जे म्हणून बोथट ते माझ्याकडे यायचं. काम चाललं. पण त्या दगडाला आवाज नव्हता.

दाढीचे साबण विकणारा एक फिरता माणूस दोन्ही गावांत जायचा. एकदा तो निरोप घेऊन आला. तुमचे भाऊ म्हणतात, तो तुकडा द्या; दुसऱ्या दगडाचा लावून बघितला, पण त्याचा एखादा कण आडवा येतो आणि धार बिघडते. काका म्हणाले, "सांग त्याला, आई आण, पिल्लू ने." हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की जेवताना त्यांनी ते काकूलाही ऐकवलं. काकूनं भिंतीकडे तोंड केलं. मीही त्या माणसाबरोबर माझा म्हणून एक निरोप धाडला होता, बाबांना म्हणावं वेळेवर जेवत जा. उत्तर आलं, काकूला जप. दोन्हीकडचं प्रेम एवढ्यावर भागवायची आमची पद्धत. घरात बाकी सगळ्याची वाटणी झाली, हट्टाची झाली नाही. तो प्रत्येकाला अख्खा मिळाला.

वर्षं गेली. कधीमधी मी काकांना खणापाशी उभं बघायची. पिल्लू हातात, फडक्यानं पुसतायत. मी दिसले की आत ठेवून द्यायचे आणि पावडरचा डबा काढायचे, जणू तोच शोधत होते.

मग तो फोन आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काकांनी फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले, आरशाकडे तोंड करून. मला आरशातूनच सांगितलं. बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवं अंग गेलं होतं. शेजारच्या शिंप्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. वाचा जवळपास गेलीच, दोनच शब्द येतायत, आणि वॉर्डातल्या सिस्टरनं ते फोनवर जसेच्या तसे सांगितले. पिल्लू आण.

"मागितलंच बघ शेवटी त्यानं," काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा आरशात एकदम वाकडा झाला. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. खण उपसताना पावडरचे डबे खाली पडले, सगळीकडे पांढरं झालं, त्याचंही त्यांना भान नव्हतं. तुकडा मी धुतला. जुन्या दुधाचा थर त्याच्या एका अंगाला धरलेला होता, तो ब्रशनं काढला, स्वच्छ रुमालात बांधला.

मला वाईट वाटलं नाही असं म्हणाले तर खोटं होईल. अर्धं अंग गेलेल्या माणसाला आठवण झाली, तीसुद्धा दगडाची. तरी मी म्हटलं, मीही येते. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचं म्हणणं, काकूला एकटं कसं टाकायचं. आधी हे त्याच्या हातात पडू दे, इतक्या वर्षांचा राग उतरू दे, मग काकूची सोय लावून तुला घेऊन जातो. बोलणं खोडण्यासारखं नव्हतं. मी मान हलवली आणि पावडर झाडायला घेतली.

संध्याकाळी काका परतले ते वेगळेच. भूक लागलीय म्हणाले. जेवताना काकूला तीन वेळा तेच सांगितलं. "हातात ठेवला, त्यानं डाव्या हातानं घट्ट धरला, बघत राहिला, डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, चुकलं माझं. त्यानं मान हलवली."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. दाराकडे बघत होता. दमला असेल." काकांनी ताक मागून घेतलं. "माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, पोरी."

सकाळी दुकान उघडायच्या आतच पुन्हा फोन आला. बाबा गेले होते.

शेजारणीला काकूपाशी बसवून आम्ही निघालो. बसमध्ये काका खिडकीशी बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला रडू येत नव्हतं. मला फक्त वाटत होतं, एक दिवस. एक दिवस आधी निघाले असते तर.

वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेभोवती पडदा ओढला होता. बाबांचा चेहरा एका बाजूला ओघळला होता आणि गालांवर पांढरी दाढी वाढली होती. या माणसानं जन्मात कधी कालची दाढी आजवर येऊ दिली नव्हती. काका म्हणाले, असं नाही जाऊ द्यायचं त्याला. सिस्टरला विचारलं, तिनं परवानगी दिली आणि गरम पाण्याचं भांडंही आणून देते म्हणाली. खाटेशेजारच्या बुटक्या कपाटात बाबांची धोपटी होती. धार लावता लावताच ते पडले, म्हणून शिंप्यानं हत्यारंही त्यांच्याबरोबर आणून ठेवली होती. मी टॉवेल सोडला. आईवर परक्या तुकड्याचं दूध वाळून खडखडीत झालं होतं, आणि शेजारच्या वस्तऱ्याच्या धारेला एक बारीकशी खाच पडली होती.

कुठल्याशा सहीसाठी काकांना बाहेर बोलावलं. सिस्टर भांडं घेऊन आली, ते ठेवलं, आणि खिशातून रुमाल काढून माझ्यापुढं धरला. माझीच गाठ होती त्याला.

"हा तुमचा दगड. त्यांनी माझ्याकडे दिला होता," ती म्हणाली. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुम्ही मुलगी ना? म्हणजे पिल्लू तुम्हीच?"

मी रुमाल हातात घेतला. ती हळूहळू सांगत गेली. मी फोन केला तेव्हा दोनच शब्द यायचे, तेच सांगितले. काल दुपारनंतर जीभ थोडी वळायला लागली होती. तुमचे काका गेल्यावर त्यांनी तो दगड माझ्या हातात दिला, ठेव म्हणाले, आणि विचारलं, पिल्लू आली का? औषध द्यायला गेले तेव्हाही तेच. "मी म्हटलं, येतीलच, वाटेत असतील. मला खरंच तसं वाटलं."

"आली का, म्हणाले?" मी विचारलं. "की, आलं का?"

तिला माझा प्रश्न विचित्र वाटला असणार. पण ती विचार करून बोलली. "आली. पिल्लू आली का, असंच. दाराकडे बघून."

ती गेली आणि मी खाटेच्या दांड्याला धरून उभी राहिले. साऱ्या घराला ज्या एका अक्षरावरून कळायचं, ते अक्षर 'आण' या शब्दात नव्हतं. एवढंच. एवढ्यावरून माझ्या बापानं शेवटचे दोन शब्द माझ्यासाठी खर्च केले आणि त्याच्या हातात आम्ही दगड नेऊन ठेवला. तो दगड त्यानं बघितला, कुणी काय ऐकलं ते त्याला कळलं, म्हणून डोळ्यांतून पाणी आलं. माफी नाही, काही नाही. मला काकांना धरून गदागदा हलवायचं होतं. वीस वर्षं ज्या पोरीला तुम्ही पोरी म्हणताय तिचं नाव काय आहे, आठवा जरा, असं त्या वॉर्डात सगळ्यांदेखत विचारायचं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं.

काका पडद्याआड आले. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरलेला.

"दूध तू काढ," ते म्हणाले. "थेंब मी टाकतो. तू टाकायचीस ना, तसे."

मी आई कपाटावर मांडली, वाळलेलं दूध धुऊन काढलं आणि तिच्यावर पिल्लू ठेवलं. इतक्या वर्षांनी दोघं एकमेकांना लागली. गोल फिरवलं तसं लगेच दूध सुटलं, पांढरं, दाट, गुठळी नाही. मी वस्तरा टेकवला आणि ओढायला लागले. तो आवाज ऐकला आणि मग मला रडू फुटलं. काकांना वाटलं बाबांसाठी रडतेय. बरोबरच होतं त्यांचं.

थेंब त्यांना जमत नव्हते. कधी घाई, कधी उशीर. एवढी वर्षं पाती मोडून फेकणाऱ्या माणसाला आवाज कुठून कळणार. मी तशीच सांभाळून घेत गेले. खाच निघाली, दूध पातळ होत होत पाणी झालं. मनगटावरचा केस वस्तरा लागताच तुटला. मी बाबांच्या गालांना साबण लावला, ओघळलेली बाजू दोन बोटांनी वर ताणली आणि कानशिलापासून सुरुवात केली.

काका पेला धरून शेजारी उभे होते. "एक मात्र बरं झालं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "जे मागितलं ते हातात पडलं त्याच्या. नाहीतर मी कुठल्या तोंडानं जगलो असतो." थोड्या वेळानं म्हणाले, "मघाशी ती सिस्टर काय सांगत होती तुला?"

वस्तरा हनुवटीखाली होता. तिथली कातडी सैल असते, हात हलून चालत नाही. मी वस्तरा उचलून वर धरला.

"काही नाही. बाबा विचारत होते म्हणे," मी म्हटलं, "पिल्लू आलं का."

"आलं का," काका म्हणाले. त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "बघ. म्हणजे वाट बघत होता त्याची. बरं झालं मी लगेच निघालो."

मी हो म्हटलं आणि राहिलेली दाढी पुरी केली. धार चांगली लागली होती. कुठं साधा ओरखडासुद्धा उठला नाही.